सल्ला हवा: मेल सर्व्हरवर स्पॅम पकडायला ट्रॅप आयडी कसे लावावेत?

मेहरूणकाठ (जळगाव)

राम राम मंडळी. जळगाव एमआयडीसीतल्या आणि आसपासच्या काही उद्योगांचे मेल मी सांभाळतो. एक डाळ मिल, दोन चटईवाले, एक ठिबकचं फिटिंग बनवणारे आणि सावद्याकडचं केळी निर्यात करणारं एक पॅकहाउस. सगळे मिळून दीडशेच्या आसपास मेलबॉक्स, एकाच व्हीपीएसवर (भाड्याच्या सर्व्हरवर). मेलची ने-आण पोस्टफिक्स करतो, मेलबॉक्स डव्हकॉट सांभाळतो आणि स्पॅम गाळतो आरस्पॅमडी.

स्पॅम बराचसा अडतो, पण जो आत येतो तो घातक असतो. 'कोटेशन सोबत जोडलं आहे' म्हणून झिप फाइल, 'तुमचा मेलबॉक्स भरला, इथे पासवर्ड टाका' म्हणून लिंक, आणि सगळ्यात वाईट म्हणजे 'आमचा बँक खाते क्रमांक बदलला आहे'. डाळ मिलच्या अकाउंटंट काकांनी पैसे पाठवण्याआधी पार्टीला फोन लावला म्हणून मोठी रक्कम वाचली.

फिल्टर कडक करावा तर पॅकहाउसवाल्यांचा जीव टांगणीला लागतो. त्यांचा धंदाच अनोळखी मेलवर चालतो. आखाती देशातला नवा खरेदीदार पहिला मेल टाकतो तो दोन ओळींचा, जीमेलवरून, आणि विषयात नुसतं '१३ किलो बॉक्स, भाव?' एवढंच. फिल्टरच्या नजरेत हा मेल आणि फसवा मेल यांत फार फरक नसतो. असा एक मेल जंकमध्ये पडून राहिला तर कंटेनर दुसऱ्याच्या दारात लागतो.

म्हणून ट्रॅप आयडीचा विचार करतोय. म्हणजे कुणाच्याही वापरात नसलेले पत्ते. त्यांवर जे येईल ते स्पॅमच, असा हिशेब. नावं कशी निवडायची? ते पेरायचे कुठे? पकडलेल्या मेलचं पुढे काय करायचं? आणि नोकरी सोडून गेलेल्या लोकांचे जुने आयडी पडून आहेत, ते यासाठी चालतील का? ज्यांनी प्रत्यक्ष चालवलंय त्यांनी कृपया सविस्तर सांगावं.

पांझराकाठ (धुळे)

भाऊ, पहिल्यांदा एक गोष्ट पक्की करून घ्या. ट्रॅप लावला की स्पॅम थांबतो असं नाही. कोण पाठवतंय आणि काय पाठवतंय याचा पुरावा तेवढा हातात येतो. आपल्याकडे कपाशीत कामगंध सापळे लावतात, तसंच हे. सापळ्याने गुलाबी बोंडअळी संपत नाही. सलग ३ रात्री दर सापळ्यात ८ पतंग पडले की फवारणीची वेळ आली, एवढं त्यातून कळतं. एक पतंग दिसला म्हणून कुणी पंप पाठीवर घेत नाही. ट्रॅपवर एक मेल आला म्हणून समोरच्या सर्व्हरचा आयपी (इंटरनेटवरचा पत्ता) कायमचा बंद करणारे लोक मी पाहिलेत, आणि त्यांच्या ग्राहकांचे हाल पण पाहिलेत.

आता नावं. ती डोक्यातून काढू नका, लॉगमधून (सर्व्हरच्या नोंदींतून) काढा. पोस्टफिक्सच्या लॉगमध्ये 'युजर अननोन इन व्हर्च्युअल मेलबॉक्स टेबल' असं लिहून नाकारलेल्या मेलच्या ओळी असतात. मागच्या काही महिन्यांच्या काढा, नुसते पत्ते वेगळे करा आणि कोणता पत्ता किती वेगवेगळ्या आयपींनी मागितला ते मोजा. साधारण तीन प्रकार दिसतील.

पहिला, अंदाजाने मारलेले: सेल्स१, टेस्ट, स्कॅनर, बॅकअप, अ‍ॅडमिन२ असे. हे चालतात, पण जपून. 'सेल्स' किंवा 'अकाउंट्स' असा साधा शब्द ट्रॅपमध्ये घेऊ नका, कारण खरा माणूससुद्धा असाच अंदाज बांधून मेल टाकतो.

दुसरा, खऱ्या पत्त्याच्या चुका. 'एक्सपोर्ट' मधलं एक अक्षर गळलेलं, किंवा नावात 'पाटील'च्या स्पेलिंगला एक 'ई' जास्त. ही नावं अजिबात घेऊ नका. व्हिजिटिंग कार्ड बघून टाइप करणारा खरा ग्राहक इथेच चुकतो. त्याला सरळ ५५० (सर्व्हरचा कायमच्या नकाराचा कोड) जाऊ द्या, म्हणजे मेल परत गेल्याचं त्याला लगेच कळेल.

तिसरा प्रकार सगळ्यात मोलाचा. आकडे आणि अक्षरांची लांबलचक माळ, मध्ये टिंब, आणि पुढे तुमचं डोमेन. हा पत्ता कुणी बनवलेलाच नसतो. प्रत्येक मेलच्या हेडरमध्ये (वरच्या तांत्रिक ओळींत) 'मेसेज-आयडी' असतो आणि त्याची घडण ईमेल पत्त्यासारखीच असते: डावीकडे खूणगाठ, मध्ये अ‍ॅटचं चिन्ह, उजवीकडे डोमेन. व्हायरस लागलेल्या कॉम्प्युटरमधून किंवा जुन्या मेलच्या साठ्यातून पत्ते ओरबाडणारे प्रोग्राम हा मेसेज-आयडी सुद्धा पत्ता समजून उचलतात आणि यादीत घालतात. जिवंत माणूस त्यावर मेल पाठवण्याची शक्यता जवळपास नाही. अशी दहा-पंधरा नावं तुमच्याच लॉगमध्ये सापडली तर सुरुवातीला तेवढी पुरे.

नाव पक्कं करण्याआधी मालकाला एकदा विचाराच, 'तुमच्याकडे आधी कधी असा आयडी होता का?' ही डोमेनं तुमच्याकडे येण्याआधी दुसऱ्या होस्टिंगवर असतील. तिथे कुणी 'स्कॅनर' नावाचा आयडी झेरॉक्स मशीनला दिलेला असू शकतो.

आणि पोस्टमास्टर व अब्यूज हे दोन पत्ते ट्रॅपमध्ये चुकूनही टाकू नका. पोस्टमास्टर चालू ठेवणं एसएमटीपीच्या (सर्व्हरांनी मेल देण्या-घेण्याच्या पद्धतीच्या) मानकातच बंधनकारक आहे, आणि अब्यूजसकट असे कामाचे पत्ते १९९७ च्या आरएफसी २१४२ या इंटरनेटच्या नियमपत्रात ठरवून दिलेत. कुणाला तुमच्या सर्व्हरची तक्रार करायची असेल तर तो तिथेच लिहिणार.

तापीखोरं (रावेर)

मी यातला तांत्रिक माणूस नाही, केळीचा माणूस आहे. पण मेहरूणकाठ भाऊंनी लिहिलेली अडचण आमची रोजची आहे म्हणून विचारतो. आमचा खरा खरेदीदार चुकून अशा पत्त्यावर गेला तर? त्याला वाटेल मेल पोहोचला, आणि आम्हाला पत्ताच नाही. दोन दिवस उत्तर आलं नाही की तो दुसरीकडे भाव विचारतो. केळी झाडावर थांबत नाही, भो.

पांझराकाठ (धुळे)

बापू, तुमचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आहे. म्हणूनच माझं ठाम मत आहे की ट्रॅपवर आलेला मेल गुपचूप गिळू नये. सर्व्हरने मेल पूर्ण वाचून घ्यावा, त्यातून काय शिकायचं ते शिकावं, आणि त्याच जोडणीत शेवटी ५५० देऊन नाकारावा. नाकारताना जो मजकूर जातो त्यात लिहावं की हा पत्ता वापरात नाही, कृपया कंपनीच्या वेबसाइटवरच्या फोनवर संपर्क करा. खरा माणूस असेल तर त्याच्याच सर्व्हरकडून त्याला मेल परत आल्याची सूचना मिळते आणि तो फोन उचलतो. स्पॅमवाल्याच्या बाबतीत काहीच बिघडत नाही, कारण मजकूर आपल्याला आधीच मिळालेला असतो.

हे एकाच जोडणीत करायचं हे मात्र लक्षात ठेवा. आधी मेल स्वीकारून नंतर स्वतः 'पोहोचला नाही' असं पत्र पाठवाल तर ते भलत्याच माणसाच्या डोक्यावर पडेल. स्पॅममधला पाठवणाऱ्याचा पत्ता बहुतेक वेळा खोटा, म्हणजे कुणाचा तरी चोरलेला असतो.

तापीखोरं (रावेर)

हाई कामनी गोट शे. आमच्या पोराला दाखवतो, तोच आमचं मेल बघतो.

भुसावळ_जंक्शन (भुसावळ)

पांझराकाठ दादांशी नव्वद टक्के सहमत. नाकारण्याबद्दल माझं मत थोडं वेगळं आहे. सतत ५५० मिळाल्यावर काही यादीवाले तो पत्ता गाळतात आणि ट्रॅप हळूहळू कोरडा पडतो. म्हणून निर्यातीच्या डोमेनवर नाकारा, तिथे बापूंची काळजी खरी आहे. डाळ मिल आणि चटईवाल्यांच्या डोमेनवर, मेसेज-आयडीतून आलेल्या पत्त्यांसाठी, स्वीकारा आणि वेगळ्या पेटीत ठेवा. त्या पत्त्यावर कुठलाच ग्राहक येणार नाही.

आता आरस्पॅमडीचं. त्यात 'स्पॅमट्रॅप' नावाचं मॉड्यूल आधीपासून आहे, मुद्दाम चालू करावं लागतं. पत्त्यांची यादी एका मॅप फाइलमध्ये द्यायची, आणि दोन गोष्टी निवडायच्या: बेझ फिल्टरला (शब्दांवरून स्पॅम ओळखायला शिकणाऱ्या भागाला) शिकवायचं का, आणि फझी हॅशमध्ये (मजकुराच्या ठशांच्या साठ्यात) भरायचं का. पोस्टफिक्समध्ये ते पत्ते व्हर्च्युअल अलियासने एकाच पेटीकडे वळवा. मिल्टरमधून (पोस्टफिक्सला फिल्टर जोडणाऱ्या दुव्यातून) आरस्पॅमडीला मूळ पत्ताच दिसतो, त्यामुळे वळवल्याने काही बिघडत नाही.

या दोन्हींपैकी फझी हॅश आधी चालू करा. एकाच मजकुराचा मेल हजारो लोकांना जातो, मध्ये नाव किंवा रक्कम तेवढी बदललेली असते. फझी हॅशला असा थोडासा फरक चालतो. सकाळी सहाला ट्रॅपवर पडलेला 'कोटेशन'चा मेल नऊ वाजता अकाउंट्सला आला तर ओळखला जातो, आणि केळीच्या खऱ्या चौकशीला त्याचा धक्काही लागत नाही, कारण तो मजकूर ट्रॅपवर कधी आलेलाच नसतो. तुमच्या अडचणीवर एवढं नेमकं औषध दुसरं नाही. आरस्पॅमडीच्या लोकांचा सार्वजनिक फझी साठा फक्त वाचायला असतो, त्यात आपल्याला भरता येत नाही. स्वतःचा फझी वर्कर (असा साठा सांभाळणारा भाग) चालू करून वेगळा नियम लिहावा लागेल.

बेझच्या बाबतीत घाई नको. मुळात २०० स्पॅम आणि २०० चांगले मेल शिकल्याशिवाय ते मत देत नाही. ट्रॅपमधून तर फक्त स्पॅमच येणार. हजारो स्पॅम आणि नावापुरते चांगले मेल असं झालं की ते एकांगी होतं. चांगल्या मेलची सोय आधी करा: डव्हकॉटमध्ये आयमॅपसिव्ह लावा, म्हणजे कुणी जंकमधून इनबॉक्समध्ये मेल ओढला की तो चांगला म्हणून शिकवला जातो. पॅकहाउसच्या जुन्या, खऱ्या चौकशांचे मेल हाताने शिकवा. मोडक्या इंग्रजीतले, दोन ओळींचे, तेच मुद्दाम निवडा. मराठी-हिंदी मेलही द्या, नाहीतर बाजार समितीची नोटीस आणि बँकेचं मराठी पत्र त्याला परकं वाटतं.

सगळ्यात जास्त लोक जिथे फसतात ते सांगतो. स्पॅमवाला कधीकधी तुमचाच ट्रॅप पत्ता 'पाठवणारा' म्हणून वापरतो. मग जगभरातून 'मेल पोहोचला नाही', 'मी सुटीवर आहे' अशी उत्तरं ट्रॅपवर येऊ लागतात. ती चांगल्या सर्व्हरनी पाठवलेली असतात. ती स्पॅम म्हणून शिकवली की उद्या तुमच्या ग्राहकाला स्वतःच्या परत आलेल्या मेलची सूचनाही दिसणार नाही. अशा सूचनांचा एन्व्हलप प्रेषक (मेल देताना सर्व्हर सांगतो तो पाठवणाऱ्याचा पत्ता) रिकामा असतो. पोस्टफिक्समध्ये रिस्ट्रिक्शन क्लास (ठरावीक पत्त्यांपुरता नियम) वापरून ट्रॅप पत्त्यावर रिकाम्या प्रेषकाचा मेल दारातच नाकारा. सुटीची उत्तरं हेडरमधल्या 'ऑटो-सबमिटेड' या खुणेवरून ओळखून शिकण्यातून वगळा.

तोरणमाळ (नंदुरबार)

पुढे वेगळं छोटं मशीन ठेवायची तयारी असेल तर ओपनबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिममधला स्पॅमडी बघा. नाव सारखं वाटलं तरी आरस्पॅमडीशी त्याचा संबंध नाही. यात ग्रेट्रॅपिंग आहे. अनोळखी सर्व्हर आला की त्याला आधी 'नंतर या' सांगितलं जातं. किमान २५ मिनिटांनी आणि ४ तासांच्या आत परत आला तर वाट मोकळी होते. या थांबण्याच्या काळात त्याने ट्रॅप पत्त्यावर मेल द्यायचा प्रयत्न केला तर तो २४ तासांसाठी काळ्या यादीत जातो आणि त्याला उत्तर मिळतं सेकंदाला एक बाइट या वेगाने. मजकूर वाचावाच लागत नाही, त्यामुळे मशीनवर भारही येत नाही. नॉर्वेतले पीटर हॅन्स्टीन कितीतरी वर्षं अशीच ट्रॅप पत्त्यांची यादी उघडपणे वेबवर ठेवतात. यादी उघडी असल्यामुळे पत्ते ओरबाडणारे ती उचलतात आणि स्वतःहून अडकतात.

पण तुमच्या पॅकहाउससाठी मी हे सुचवणार नाही. पहिला मेल अर्धा-पाऊण तास उशिरा येतो. मोठ्या कंपन्यांचे सर्व्हर दर वेळी वेगळ्या आयपीवरून परत येतात, त्यांना वेगळी मोकळीक लिहावी लागते. बँकेचा ओटीपी मेलवर येत असेल तर तो मुदत संपल्यावर हातात पडतो. आमच्याकडे मिरची बाजारातले व्यापारी याच कारणाने वैतागले होते.

मेहरूणकाठ (जळगाव)

फार मोलाची माहिती, सगळ्यांचे मनापासून आभार. लॉग काढला आणि मेसेज-आयडीसारखे पत्ते खरंच सापडले, तेही दोन डोमेनवर. डाळ मिलच्या डोमेनवरचा एक तर जुन्या मेल प्रोग्रामच्या धाटणीचा दिसतो, आकडे, डॉलरचं चिन्ह, पुन्हा आकडे. आजही त्यावर मेल मारणारे आहेत.

राहिला प्रश्न पेरण्याचा. वेबसाइटवर लपवून पत्ता ठेवतात म्हणे, तो कसा ठेवावा? मी असंही वाचलं की ट्रॅप आयडी मुद्दाम फालतू साइटच्या फॉर्ममध्ये भरावा.

अमळनेर_वेब (अमळनेर)

फॉर्ममध्ये भरू नका. आपण होऊन पत्ता दिला की पाठवणारा म्हणू शकतो, 'तुम्हीच नाव नोंदवलं होतं.' मग तो पुरावा राहत नाही. शिवाय त्यावर कायदेशीर जाहिराती, न्यूजलेटर असं सगळं येऊ लागतं आणि फिल्टर तेही स्पॅम म्हणून शिकतो. ट्रॅपवरून कधी मेल पाठवायचा नाही आणि कुठे नोंदवायचाही नाही.

वेबसाइटचं माझं रोजचं काम आहे, म्हणून थोडं विस्ताराने सांगते. मुख्य पानावर लपवण्यापेक्षा वेगळं पान करा. फूटरमधून त्याला लिंक द्या, ती सीएसएसने (पानाच्या मांडणीच्या कोडने) नजरेआड करा आणि रोबोट्स फाइलमध्ये त्या पानाला मनाई लिहा. नियम पाळणारी सर्च इंजिनं तिकडे जाणार नाहीत. मनाई असूनही जो आत शिरला त्याचा हेतू तिथेच कळतो.

लपवताना एक काळजी अवश्य घ्या. दृष्टिहीन लोक स्क्रीन रीडर वापरतात आणि त्याला सीएसएसच्या काही युक्त्यांनी लपवलेला मजकूरही वाचता येतो. त्या लिंकवर एरिया-हिडन ही खूण लावा, म्हणजे स्क्रीन रीडर ती वगळेल, आणि टॅब दाबून तिथे पोहोचता येणार नाही असं करा. पानावर पत्त्याच्या वरच मराठी, हिंदी आणि इंग्रजीत स्पष्ट लिहा: 'या पत्त्यावर मेल पाठवू नका, हा स्पॅम पकडण्यासाठी आहे.' माणूस वाचेल आणि थांबेल. पत्ते गोळा करणारा प्रोग्राम अ‍ॅटचं चिन्ह बघतो, वाक्य नाही.

पांझराकाठ (धुळे)

ताईंनी अगदी योग्य सांगितलं. त्यात एवढीच भर: ट्रॅप पत्ते कंपनीच्या सामायिक अ‍ॅड्रेस बुकमध्ये दिसता कामा नयेत. 'सर्व कर्मचारी' असा ग्रुप आपोआप बनत असेल तर त्यातून ते वगळा. नाहीतर दिवाळीला मालक सगळ्यांना शुभेच्छा पाठवतात आणि तो मेल स्पॅम म्हणून शिकवला जातो.

आणि जुन्या कर्मचाऱ्यांचे आयडी. माझा सल्ला आहे, त्या वाटेला जाऊ नका. मोठ्या प्रमाणावर ट्रॅप चालवणारे लोक जुने पत्ते वापरतात हे खरं आहे, पण ते आधी बराच काळ त्या पत्त्यावर सरळ ५५० देतात, म्हणजे प्रामाणिक पाठवणारे तो यादीतून काढतात. उरतो तो यादी न झाडणारा. तुमच्याकडे सोडून गेलेल्या माणसाच्या आयडीवर अजून त्याचं विम्याचं पत्र, मुलाच्या शाळेची फी, बँकेचं स्टेटमेंट येत असेल. ते मशीनला स्पॅम म्हणून शिकवणं तांत्रिक दृष्ट्या चूक, आणि दुसऱ्याची खासगी पत्रं साठवून ठेवणं त्याहून मोठी चूक. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आहेच, पण कायदा नसता तरी मी हेच म्हटलं असतं. ज्याने तुमच्या ग्राहकाकडे वर्षानुवर्षं नोकरी केली त्याची टपाल अशी वापरू नये. ते आयडी बंद करा, किमान वर्षभर ५५० जाऊ द्या. पुढेही गरज वाटली तर तेव्हा बघू. तुमच्या लॉगमधले पत्तेच पुरतील.

भुसावळ_जंक्शन (भुसावळ)

ट्रॅप चालू करण्याआधी एक तपासा. तुमचा सर्व्हर डीएनएससाठी (नावावरून आयपी शोधण्यासाठी) गूगलचा ८.८.८.८ वगैरे वापरत असेल तर स्पॅमहाउसची (स्पॅम पाठवणाऱ्या आयपींची) यादी तुम्हाला नीट उत्तरच देत नाही. अशा सार्वजनिक रिझॉल्व्हरवरून विचारलं की १२७.२५५.२५५.२५४ असा आकडा येतो. तो एररचा कोड आहे, 'हा आयपी वाईट' असा त्याचा अर्थ नाही. त्याच मशीनवर अनबाउंड हा स्वतःचा रिझॉल्व्हर बसवा आणि थेट विचारा.

मेहरूणकाठ (जळगाव)

तपासलं, सार्वजनिकच होता. अनबाउंड बसवला, आजच फरक दिसतोय.

आता ट्रॅप चालू केलेत, फझीसकट. 'कोटेशन'वाली झिप ट्रॅपवर आली आणि तोच मजकूर चटईवाल्यांकडे आलेला आपोआप जंकमध्ये गेला. पण एक अडचण आहे. ट्रॅपवर मेल टाकणाऱ्या आयपींची यादी काढली तर त्यात गूगलचे आणि मायक्रोसॉफ्टचे सर्व्हरही आहेत. यांचं काय करायचं? आणि खाते बदलल्याचा एकही मेल अजून ट्रॅपवर पडलेला नाही.

भुसावळ_जंक्शन (भुसावळ)

गूगल-मायक्रोसॉफ्टचे आयपी कुठल्याही यादीत घालू नका. तुमचे अर्धे खरेदीदार तिथूनच लिहितात. त्यांच्या नेटवर्कची वेगळी मोकळी यादी ठेवा आणि त्यांच्याकडून आलेल्या ट्रॅपच्या मेलचा फक्त मजकूर शिका. जमेल तेव्हा मूळ मेल हेडरसकट त्यांच्या अब्यूज विभागाला कळवा, खाती बंद होतात.

बाकीच्या आयपींसाठी बंदीऐवजी गुण द्या. आरस्पॅमडीत मुळात ४ गुणांना ग्रेलिस्ट (आधी 'नंतर या' सांगणं), ६ ला स्पॅमची खूण आणि १५ ला नकार असतो. दोन वेगवेगळ्या ट्रॅपवर २४ तासांत आलेल्या आयपीला मल्टीमॅपमधून (यादीवरून गुण देणाऱ्या मॉड्यूलमधून) ३ गुण द्या आणि आठवड्याने नाव काढून टाका. नुसत्या ३ गुणांनी काहीच होत नाही. त्यात खोटी सही, संशयास्पद लिंक असं काही मिळालं तरच ६ ओलांडले जातात. नव्या खरेदीदाराला लागणारी सवलत यातून शाबूत राहते.

लॉग मात्र जपून ठेवा. सीईआरटी-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे ते १८० दिवस ठेवावे लागतात, आणि ट्रॅपचा इतिहास शोधायलाही तेच लागतात.

पांझराकाठ (धुळे)

खाते बदलल्याचा मेल ट्रॅपवर पडणार नाही, भाऊ. तो हजारो लोकांना जात नाही. दोन पार्ट्यांपैकी एकाचा मेलबॉक्स फोडून, खरी बिलं वाचून, तुमच्यासाठीच लिहिलेला असतो. कधी तर खऱ्या पार्टीच्या खऱ्या खात्यातूनच येतो, तेव्हा एसपीएफ आणि डीकेआयएम या पाठवणाऱ्या डोमेनच्या दोन्ही तपासण्या बरोबर निघतात. कुठलाच ट्रॅप तिथे कामाचा नाही.

तिथे अकाउंटंट काकांनी जे केलं तेच सगळ्या ग्राहकांकडे नियम म्हणून लावा: खाते क्रमांक बदलल्याचा मेल आला की आधीपासून माहीत असलेल्या नंबरवर फोन, मेलमध्ये दिलेल्या नंबरवर नाही, आणि फोन झाल्याशिवाय पेमेंट नाही. पैसे गेलेच तर वाट न बघता १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन आणि बँकेला कळवा. पहिल्या काही तासांत रक्कम पुढच्या खात्यात गोठवता येण्याची शक्यता असते. हा नंबर प्रत्येकाच्या अकाउंट्सच्या टेबलावर चिकटवून द्या.

मेहरूणकाठ (जळगाव)

सोमवारी पाचही ठिकाणी स्वतः जाऊन सांगतो. गुणांचा नियम आज रात्री लावतो, आणि पॅकहाउसच्या डोमेनवर ट्रॅपचा मेल वाचून नाकारायचा, बाकी ठिकाणी स्वीकारायचा, असं ठरवलं. नाकारण्याच्या मजकुरात पॅकहाउसचा फोन नंबर देशाच्या कोडसकट टाकतोय. आखातातून लावणाऱ्याला ९१ शिवाय लागणार नाही.

तापीखोरं (रावेर)

भाऊ, तो मजकूर इंग्रजीबरोबर अरबीतही टाका. आमचे बरेच खरेदीदार अरबीच वाचतात. दोन ओळी लिहून देणारा माणूस आमच्याकडे आहे, मेसेज करा, पाठवतो.

भुसावळ_जंक्शन (भुसावळ)

अरबी सरळ एसएमटीपीच्या उत्तरात टाकू नका, तिथे साधा अ‍ॅस्कीच (साध्या इंग्रजी अक्षरांचा) मजकूर सगळीकडे नीट पोहोचतो. उत्तरात इंग्रजीत एक ओळ आणि वेबसाइटच्या पानाचा पत्ता द्या, आणि अरबी त्या पानावर ठेवा.